काचेच्या पेटीतला समुद्र

उरणला राहतो म्हटले की लोकांना वाटते, या गृहस्थाला समुद्रातले सगळे कळत असणार. प्रत्यक्षात मी इतिहास आणि मराठी शिकवून निवृत्त झालेला मास्तर. मासळी ताजी कशी ओळखायची हे मला बाजारातल्या कोळणींनी शिकवले, आणि तेही अर्धवटच. तरीसुद्धा गेल्या वर्षी पुण्याहून नातवाचा फोन आला, "आजोबा, मी घरी रीफ टँक करतोय. उरणहून चार कॅन समुद्राचे पाणी आणि पीरवाडीच्या खडकांवरचे थोडे जिवंत दगड आणून द्याल का?"

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याची काचेची पेटी. तिच्यात नुसते मासे नसतात, पोवळीसुद्धा जिवंत वाढवतात. नातवाकडे यादी तयार होती. दोन क्लाऊनफिश (तोच तो केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा, २००३ च्या 'फाइंडिंग निमो' सिनेमातला), एक पिवळा टँग, एक मँडरिन, एक समुद्रफूल म्हणजे ॲनिमोन, एक समुद्री घोडा, आणि पुढे सात-आठ जातींची पोवळी. यादी अमेरिकेतल्या कुणी नवशिक्यांसाठी लिहिलेली होती. ती लिहिणाऱ्याच्या अंगणात ठीकच असेल. आपल्या देशात मात्र त्यातल्या काही ओळी माणसाला थेट कोर्टात उभे करू शकतात, आणि काही ओळी पेटीतल्या जिवांना महिन्याभरात मारू शकतात.

मी पाणी दिले नाही आणि दगडही दिले नाहीत. का दिले नाहीत हे फोनवर सांगण्याजोगे नव्हते, म्हणून हा लेख. मंडळी म्हणतील, एवढ्याशा माशांच्या पेटीसाठी एवढे पुराण कशाला? पण पुराण आहेच, आणि ते जवळजवळ एकशे ऐंशी वर्षांचे आहे.

सुरुवात पोवळ्यापासून करू. आपली पोवळ्याशी ओळख सोनाराच्या दुकानातली. नवरत्नांतले एक रत्न, मंगळाचा खडा. माझ्या आईच्या गळ्यात काळ्या मण्यांत दोन पोवळी होती, आणि ती दगडाची आहेत याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. शंका जगालाही फार उशिरा आली. युरोपात शतकानुशतके पोवळे ही वनस्पती मानली जाई, पाण्याबाहेर काढल्यावर दगड होणारी. मार्सेय गावचा पेसोनेल नावाचा एक वैद्य होता. त्याने १७२० च्या दशकात आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर जिवंत पोवळी भांड्यात ठेवून पाहिली आणि सांगितले की ज्यांना तुम्ही फुले म्हणता ते छोटे प्राणी आहेत. पॅरिसच्या विद्वानांना हे इतके हास्यास्पद वाटले की रेओम्यूर या मोठ्या शास्त्रज्ञाने १७२७ साली त्याचे म्हणणे सभेत मांडताना बिचाऱ्याचे नावच घेतले नाही, त्याची उगाच फजिती नको म्हणून! पेसोनेल बरोबर होता, हे मान्य व्हायला आणखी बरीच वर्षे गेली.

म्हणजे पोवळे हा प्राणी. खरे तर हजारो बारक्या प्राण्यांचे एकत्र कुटुंब. त्यातली काही कुटुंबे चुन्याचे घर बांधतात. त्यांना आपण टणक पोवळी म्हणू. प्रवाळांचे मोठमोठे खडक त्यांनीच बांधलेले. काहींना चुन्याचे घर नसते, ती पाण्यात चामड्यासारखी किंवा मऊ बोटांसारखी डोलतात. ती मऊ पोवळी. उथळ उबदार समुद्रातल्या बऱ्याच पोवळ्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उन्हात अन्न तयार करते आणि पोवळ्याला देते. म्हणून अशा पोवळ्याला स्वच्छ पाणी आणि भरपूर ऊन लागते. आता उरणचा समुद्र डोळ्यांसमोर आणा. खाडीचा गाळ, पावसाळ्यात डोंगरावरून येणारे गोडे पाणी, आणि वीतभर खाली हात घातला तर बोटे दिसत नाहीत. आमच्याकडे खडकावर कालवे, चिखलात निवट्या आणि खडपात चिंबोऱ्या सुखाने राहतात, पण प्रवाळाची भित्ती काही उभी राहात नाही.

आता पुराणातली पहिली गोष्ट. ती मला सगळ्यांत आवडते.

१८४६ साली लंडनच्या ॲना थाइन नावाच्या बाई टॉर्की या किनाऱ्यावरच्या गावी गेल्या होत्या. त्यांचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठ्या हुद्द्यावरचे धर्मोपदेशक. बाईंना तिथे खडकावर छोटी टणक पोवळी दिसली आणि ती त्यांनी दगडी बरणीत घालून लंडनला आणली. थंड पाण्यातली ही पोवळी, अंगात शेवाळ नसलेली, त्यामुळे उन्हावाचून त्यांचे अडले नाही. पण समुद्र तर दूर राहिला, पाणी बदलायचे कसे? बाईंनी उपाय काढला. पाणी रोज एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतायचे, उघड्या खिडकीपाशी, अर्धा-पाऊण तास. चहावाला चहा ओततो ना, तसे. पाण्यात हवा मिसळते आणि जीव गुदमरत नाहीत. हे काम कोण करी? घरातली मोलकरीण. पुढच्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्रवनस्पतीही घातल्या आणि त्या पेटीतली पोवळी वर्षानुवर्षे जगली. ॲना थाइन यांचे नाव पुस्तकांत आहे. त्या मोलकरणीचे नाव मला कुठे सापडले नाही. पण माझ्या मते जगातला पहिला रीफ टँक चालला तो त्या बाईच्या दंडांवर. आज नातवाच्या पेटीत दोन पंप हेच काम करतात, आणि वीज गेली की सगळ्यांत आधी तेच थांबतात. म्हणून मी त्याला पहिला सल्ला दिला तो कुठल्याच माशाचा नव्हता. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधी घे, म्हटले. मोलकरीण पहिली, पाहुणे नंतर.

बाईंच्या नंतर आले वॉरिंग्टन आणि गॉस. रॉबर्ट वॉरिंग्टन रसायनशास्त्रज्ञ. त्याने १८५० साली दाखवून दिले की मासा, वनस्पती आणि गोगलगाय यांचा मेळ बसला तर पाणी न बदलता पेटी चालते. माशाने सोडलेले वनस्पती वापरते, वनस्पतीचे कुजलेले गोगलगाय खाते. फिलिप हेन्री गॉस हा निसर्गलेखक. त्याचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक १८५४ साली आले आणि तो शब्द घरोघरी गेला. त्याआधीच्या वर्षी मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले होते. इतिहास शिकवणाऱ्याची खोड म्हणा, पण मला लगेच आठवते की त्याच वर्षी १६ एप्रिलला आपली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. आगगाडीचा या पेट्यांशी तिकडे थेट संबंध होता. रेल्वेमुळे शहरातली माणसे सहज समुद्रावर जाऊ लागली. शिवाय ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ साली रद्द झाल्याने काच स्वस्त झालेली. मग काय, घराघरांतल्या दिवाणखान्यांत काचेच्या पेट्या आल्या.

आणि या पेट्यांत घालायचे जीव कुठून आले? किनाऱ्यावरून. लोक गॉसचे पुस्तक बगलेत मारून, हातोडी-छिन्नी आणि टोपल्या घेऊन खडकांवर उतरले आणि दिसेल ते खरवडून नेले. त्यातले बहुतेक घरी पोचेपर्यंत किंवा आठवड्याभरात मेले, की पुन्हा सुट्टीत नवे. गॉसचा मुलगा एडमंड हा पुढे मोठा साहित्यिक झाला. १९०७ साली आपल्या वडिलांवर लिहिताना त्याने सांगून ठेवले आहे की लहानपणी पाहिलेली ती खडकांतली तळी आता ओस पडली आहेत, आणि वडिलांच्या पुस्तकांनीच माणसांच्या फौजा तिथे आणल्या. ज्याने समुद्रावर प्रेम करायला शिकवले त्याच्याच हातून हे व्हावे! गॉस काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने फक्त काय आणावे ते सांगितले, किती आणावे आणि काय आणू नये ते सांगायचे राहिले. त्याच्यानंतरच्या याद्यांतही तेच होत आले.

पीरवाडीचे दगड न देण्याचे कारण हे. त्या खडकांवर आमच्या कोळणी अजून कालवे काढायला जातात. दगड उलटा केला की खाली केवढा संसार असतो, ते मी शाळेच्या मुलांना दाखवलेले आहे आणि दगड पुन्हा होता तसा ठेवायलाही शिकवलेले आहे. शिवाय आमच्या गाळाच्या पाण्यातला दगड उचलून प्रवाळाच्या पेटीत ठेवला, तर त्यावरचे निम्मे जीव मरणार, कुजणार आणि पेटीही घाण करणार.

आता पाण्याचे. इथे मात्र उरणकराला थोडे बोलायचा अधिकार आहे, कारण आमचे गाव मिठागरांचे. आगरी हा शब्दच आगरावरून आला असे मानतात. बंदर आणि नवी वसाहत आल्यावर पुष्कळ मिठागरे भरावाखाली गेली, पण मिठागर कसे चालते हे इथल्या जुन्या माणसांना अजून तोंडपाठ आहे. भरतीचे पाणी कोंडीत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचे, ऊन पाणी आटवत जाते. पाणी आटते तेव्हा सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी चुना बसतो, मग जिप्सम, मग आपले खायचे मीठ. मीठ ओढून घेतल्यावर जे कडवट पाणी उरते त्यात मॅग्नेशियम राहिलेले असते. म्हणजे मिठागरातले मीठ हा समुद्राचा फक्त एक भाग. ते बादलीत विरघळवले की खारट पाणी होते, समुद्र होत नाही. माशांच्या दुकानात एक बाई विचारत होत्या, घरचे जाडे मीठ घातले तर चालेल का? दुकानदार नुसता हसला. मला वाटते, त्याने त्यांना मिठागर दाखवायला हवे होते.

गॉसलाही हाच प्रश्न पडला होता. लंडनला समुद्राचे पाणी पिंपांतून आणणे महाग, म्हणून त्याने समुद्राच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण हाताशी धरून चार क्षार मोजून मिसळले आणि १८५०च्या दशकात कृत्रिम समुद्रपाण्याची कृती छापली. आज दुकानात जे समुद्री मीठ बादलीने मिळते, ते त्याच कृतीचे सुधारलेले रूप. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम सगळे असते. ते शुद्ध केलेल्या गोड्या पाण्यात मिसळायचे. हजार भागांत साधारण ३५ भाग क्षार, म्हणजे घनता १.०२५ च्या आसपास, आणि तापमान २५-२६ अंश. पेटीतले पाणी रोज थोडे उडते, पण उडते ते नुसते पाणी, मीठ मागे राहते. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. हे पुस्तकात ठळक अक्षरांत छापावे लागते. आमच्या मिठागरावरच्या मजुराला ते सांगावे लागले नसते.

उरणचे पाणी का नको, हे आता वेगळे सांगायला नको. गाळ आहेच. त्याशिवाय समोर न्हावाशेव्याचे बंदर, जहाजांची ये-जा, तेलाचे कारखाने. पावसाळ्यात तर त्याचा खारटपणा दर आठवड्याला वेगळा.

आपल्याकडे सामान्य माणसाला समुद्र काचेतून दाखवला तो मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बांधायला आठ लाख रुपये लागले, त्यातले दोन लाख तारापोरवाला या पारशी दानशूरांचे, म्हणून ते नाव. आमच्या शाळेची सहल मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरायची आणि तिथून राणीची बाग, म्युझियम नि मत्स्यालय. शहरातली मुले रंगीत माशांपाशी गर्दी करत. आमची मोऱ्याची कोळ्यांची मुले मात्र साध्या पेट्यांपाशी थांबून एकमेकांना मासळीची नावे सांगत, वर भावही सांगत. एकाने मला विचारले होते, "गुरुजी, हा जिवंत कसा राहतो? आमच्याकडे तर जाळ्यातून काढला की दहा मिनिटांत मरतो." माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि मार्गदर्शकाजवळही नव्हते. खरे तर तोच एक विचारण्यासारखा प्रश्न होता. २०१५ साली नूतनीकरण होऊन तिथे माथ्यावरून मासे फिरणारा काचेसारखा बोगदा आला. करोनाच्या साथीत २०२० साली मत्स्यालय बंद झाले आणि पुढे इमारत कमकुवत झाल्यामुळे वर्षानुवर्षे उघडलेच नाही. आमच्या पिढीची ती शाळाच गेली म्हणायची.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र तेव्हा माहीत होते, फक्त माझ्यापर्यंत आले नव्हते. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो त्यालाच विषारी. काही जिवाणू त्याचे नायट्राईट करतात (तेही विषारीच), आणि दुसरे जिवाणू त्याचे बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास शोधून काढले. नव्या पेटीत हे जिवाणू नसतात, ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत त्यात मासा सोडणे म्हणजे त्याला स्वतःच्या घाणीत कोंडणे. नवशिक्यांचे बहुतेक मासे याच महिन्यात मरतात, आणि ते म्हणतात दुकानदाराने आजारी मासा दिला.

मासे टिकू लागले तरी टणक पोवळी टिकत नव्हती. तिथवरची वाट दोन माणसांनी दाखवली असे म्हणता येईल. एक जकार्ताचे ली चिन एंग. त्यांनी जवळच्या समुद्रातले जिवंत दगड, म्हणजे जिवाणू आणि बारक्या जिवांनी भरलेले सच्छिद्र खडक पेटीत ठेवले, हवेचे बुडबुडे सोडले, ऊन येऊ दिले, आणि बाकी काही केले नाही. १९६१ साली त्यांनी ही पद्धत अमेरिकन मासिकात लिहिली. तेव्हाच्या पंडितांनी फारसे लक्ष दिले नाही. पेसोनेलसारखेच झाले म्हणायचे. दुसरे पीटर विल्केन्स. त्यांनी १९७० च्या दशकात सांगितले की पोवळ्याला घर बांधायला चुना लागतो, तो पाण्यातून संपतो, म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी चुन्याचे स्वच्छ पाणी थेंब थेंब घाला. जर्मन भाषेत त्याला मोठे भारदस्त नाव आहे, 'काल्कवासर'. वाचले आणि मला हसू आले. ही तर आपली चुन्याची निवळी! लहान मुलांना पोटदुखीवर आजी द्यायची ती. आमच्या किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत, आणि पोवळेही तोच चुना समुद्रातून ओढून घर बांधते. मग १९८०च्या सुमारास बर्लिनच्या हौशी मंडळींनी जिवंत दगड, प्रखर दिवे आणि पाण्यातला फेस काढणारे यंत्र एकत्र केले, आणि टणक पोवळी काचेत नुसती जगू नव्हे, वाढू लागली. आता परदेशात पोवळ्याची फांदी तोडून, जास्वंदीची फांदी लावावी तशी, नवे पोवळे तयार करतात आणि ते तुकडे दुकानात विकतात. नातवाची यादी त्या बाजारातली.

आपल्या बाजारात ती यादी चालत नाही. २००१ साली आपल्या सरकारने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, सगळी टणक पोवळी, काळे पोवळे, सी फॅन म्हणजे समुद्रपंखा, अग्निप्रवाळ आणि बासरीच्या नळ्यांसारखे दिसणारे ऑर्गन-पाइप पोवळे बसवले. समुद्री घोडाही त्याच वर्षी त्या पंगतीत गेला आणि समुद्री काकडीही. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली तरी पोवळी आपल्या जागेवर आहेत. शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत. नुसते जिवंत पोवळे नव्हे, मेलेल्या पोवळ्याचा दगड सजावटीला विकत घेणेही त्यात येते. हे अनेक दुकानदार सांगत नाहीत, आणि घेणाऱ्याला वाटते आपण पांढरा दगड घेतला.

हा कायदा फक्त तुम्हा-आम्हाला आहे असेही नाही. मुंबईचा किनारी रस्ता करताना वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर पोवळी सापडली. गढूळ पाण्यातली, बटणाएवढी, पण होती. तेव्हा महापालिकेला वन खात्याची परवानगी घ्यावी लागली आणि २०२० साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी १८ वसाहती हलवून पुन्हा खडकाला चिकटवल्या. माझे मित्र म्हणाले, एवढ्याशा पोवळ्यांसाठी केवढा खटाटोप! मला तर तो फार आवडला. वाळकेश्वरच्या बंगल्यासाठी झाड तोडताना कुणी एवढे विचारत नाही.

ज्याला महाराष्ट्रात पोवळी पाहायचीच आहेत त्याने मालवणला जावे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ती आहेत, आणि तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आणखी पुढे, किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरवर, पाण्याखाली प्रवाळांचे एक मोठे पठार आहे. त्याचे नाव आंग्रे बँक, आपल्या कान्होजी आंग्र्यांवरून. ज्यांनी या किनाऱ्यावर इंग्रज-पोर्तुगीजांना धाकात ठेवले त्यांचे नाव पोवळ्यांच्या पठाराला मिळावे, हे मला फार साजेसे वाटते. ते पठार माणसांना सहज दिसत नाही, हे त्याहून बरे.

तर नातवाच्या यादीचे काय झाले?

समुद्री घोडा गेला. टणक पोवळी सगळी गेली. मेलेल्या पोवळ्याचा 'जिवंत दगड' गेला. त्याऐवजी हल्ली चिनीमातीचे आणि सिमेंटचे सच्छिद्र दगड मिळतात, त्यावर जिवाणू सावकाश पण बसतात. ॲनिमोन आठ-दहा महिन्यांपुरता पुढे ढकलला. नव्या पेटीत तो तग धरत नाही, आणि जागा आवडली नाही तर चालत जाऊन पंपात अडकतो.

मँडरिन मी हट्टाने खोडला. निळ्या-केशरी नक्षीचा इतका देखणा मासा दुसरा नाही, पण तो दिवसभर दगडांवरचे सुईच्या टोकाएवढे जीव टिपून खातो. नव्या पेटीत ते नसतात. दुकानातले खाणे तो बहुधा तोंडात घेत नाही आणि समोर अन्न तरंगत असताना उपाशी मरतो. शोभेच्या बाजारात असे अनेक सुंदर मासे आहेत. फिलिपाइन्सकडे १९६० च्या दशकापासून त्यांना सायनाइडने गुंगी आणून पकडत. त्यातले पुष्कळ नंतर मरत, आणि ज्या पोवळ्यात ते लपलेले असत तेही मरे. पिवळा टँग हवाई बेटांचा. २०१५ साली तिथल्या संशोधकांनी त्याची पिल्ले पहिल्यांदा बंदिस्त जागेत वाढवली, ही चांगली गोष्ट. पण तो वीतभर वाढतो आणि त्याला पळायला लांब पेटी लागते. नातवाची पेटी दीडशे लिटरची. म्हटले, फ्लॅटमध्ये घोडा बांधू नकोस.

राहिले क्लाऊनफिश. हे मात्र ठेव म्हणालो, आणि दोनच ठेव. कारण या माशाची अंडी-पिल्ले बंदिस्त जागेत वाढवणे जमलेले आहे. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने ते तमिळनाडूत मंडपमच्या केंद्रात करून दाखवले, आणि आमच्या खाडीपलीकडे ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानानेही त्यांचे बीजकेंद्र काढले. असा मासा समुद्रातून उचललेला नसतो, काचेतच जन्मलेला असतो, दुकानातले खाणे खातो. दुकानात विचारायचे ते एवढेच की हा कुठे जन्मला. आणि दुकानदाराला त्याला खायला घालून दाखवायला सांगायचे. या माशाची एक गंमत आहे. सगळी पिल्ले आधी नर असतात. दोन ठेवली की जो मोठा आणि दांडगा तो पुढे मादी होतो. म्हणून जोडी निवडताना एक लहान आणि एक मोठा घ्यायचा, दोन तोडीस तोड घेतले तर महिनाभर मारामाऱ्या. आमच्या शाळेतही वर्गप्रमुख निवडताना हाच अनुभव होता.

एक गोबी घ्यायला सांगितला. गोबी म्हणजे आपल्या निवटीचा दूरचा भाऊबंद, वाळू चाळणारा गरीब मासा. काचेवरचे शेवाळ खायला चार-पाच गोगलगायी, शंखात राहणारे दोन खेकडे, पुढे एखादी कोळंबी. इथे वॉरिंग्टनची १८५० सालची गोगलगाय परत येते ते पाहा. नातवाला या गोगलगायींत काडीचा रस नव्हता. त्याच्या मित्रांनी पेटी पाहिली तर गोगलगायीचा फोटो कोण काढणार? पण एक एक जीव, मध्ये दोन-तीन आठवडे सोडून, हे त्याने मान्य केले.

आणि मऊ पोवळी. कायद्याने त्यांची नावे घेतलेली नाहीत. छत्रीसारखे लेदर पोवळे, मश्रूमच्या चकत्या, हिरव्या ताऱ्यांचे गालिचे, ही चिवट आहेत, थोडे चढउतार सोसतात, आणि त्यांचा तुकडा दुसऱ्या हौशी माणसाच्या पेटीतून मिळतो. तसा मिळाला तर उत्तम. दुकानातून घेतला तर बिल घ्यायचे, बाहेरून आलेला असेल तर आयातीचे कागद पाहायचे. बटणासारखी झोअँथिड नावाची रंगीत पोवळी फार विकली जातात. त्यांतल्या काहींत जबरदस्त विष असते, म्हणून हातमोजे घातल्याशिवाय त्यांना शिवायचे नाही आणि तो दगड कधी उकळायचा नाही. हे मी त्याच्या आईलाही वेगळे कळवले. नातू थोडा रुसला, पण पालकांना न कळवता सोडणे मास्तराच्या रक्तात नाही.

पेटी सहा आठवडे नुसत्या पाण्याची आणि दगडांची राहिली. तो रोज अमोनियाचा आकडा पाठवायचा, मी वहीत लिहून ठेवायचो. आकडा चढला, उतरला, मग नायट्राईट चढले, उतरले. सातव्या आठवड्यात दोन्ही शून्यावर आले तेव्हा त्याने ऐरोलीच्या पिल्लांची चौकशी केली. आता मासे येऊन पाच महिने झाले. लेदर पोवळे तळहाताएवढे झाले आहे. चुन्याची निवळी घालू का, म्हणून मध्ये विचारत होता. टणक पोवळी नसताना तिची एवढ्यात गरज नाही, आणि घालायचीच तर पानवाल्याकडचा चुना घेऊ नकोस, त्यात काय काय असते, असे कळवले. मोठा क्लाऊनफिश आता धाकट्याला खाण्याच्या वेळी बाजूला सारतो, म्हणजे मादी होऊ लागली असावी. ॲनिमोन अजून घेतलेला नाही. दोघांनी त्या लेदर पोवळ्यालाच ॲनिमोन मानले आहे आणि रात्री त्याच्या छत्रीत शिरून झोपतात, असा फोटो परवा आला.